‘काउंटरबॅलन्स’ हा इंग्रजी शब्द कसा समजून घ्यावा आणि कसा वापरावा

इंग्रजी वाचनात थोडी प्रगती झाली की ‘काउंटरबॅलन्स’ हा शब्द एकदा तरी आडवा येतोच. कधी तो क्रेनच्या मागच्या टोकाला लावलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांविषयी असतो, कधी दोन राष्ट्रांच्या सामर्थ्याविषयी, तर कधी मानसशास्त्रातल्या एखाद्या प्रयोगाच्या मांडणीविषयी. शब्दकोशात पाहिले तर ‘समतोल साधणे’ असा अर्थ मिळतो आणि तो चुकीचाही नाही. परंतु तेवढ्यावर समाधान मानणारा नवशिका पुढे ‘बॅलन्स’, ‘ऑफसेट’, ‘काउंटरॅक्ट’ आणि ‘कॉम्पेन्सेट’ हे सगळे शब्द एकाच अर्थाचे समजू लागतो. मग त्याची वाक्ये व्याकरणाने बरोबर असली तरी इंग्रजी वाचणाऱ्याला कुठेतरी खटकतात. हा शब्द पायरीपायरीने उलगडत जाऊन तो कुठे चपखल बसतो आणि कुठे अजिबात बसत नाही, हे पाहणे हा या लेखाचा उद्देश आहे.

सगळ्या पायऱ्यांना पुरून उरणारी एक गोष्ट आरंभीच सांगतो. काउंटरबॅलन्स केल्याने पहिले ओझे नाहीसे होत नाही. ते जिथल्या तिथे, जेवढ्यास तेवढे राहते. फक्त त्याच्या विरुद्ध बाजूला दुसरे काहीतरी उभे केले जाते आणि त्या दोहोंच्या ओढीत वस्तू स्थिर राहते. या एका गोष्टीवर शब्दाचे बहुतेक सगळे उपयोग, आणि बहुतेक सगळ्या चुका, अवलंबून आहेत.

पहिली पायरी: शब्द उकलून पाहा

‘काउंटर’ आणि ‘बॅलन्स’ असे या शब्दाचे दोन घटक आहेत. त्यांपैकी ‘काउंटर’ हा उपसर्ग लॅटिनमधल्या ‘कॉन्ट्रा’ या शब्दावरून आला असून त्याचा अर्थ ‘विरुद्ध’ किंवा ‘समोर’ असा आहे. बँकेत किंवा तिकीटघरात आपण ज्या ‘काउंटर’पुढे उभे राहतो, त्याच्याशी याचा संबंध नाही, तो शब्द मोजणे या अर्थाच्या वेगळ्या लॅटिन धातूपासून आलेला आहे आणि दोहोंचे रूप सारखे होणे हा निव्वळ योगायोग आहे. म्हणूनच ‘काउंटर बॅलन्स’ असे दोन सुटे शब्द लिहिले, तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दुकानाच्या फळीवर ठेवलेला तराजू येण्याची शक्यता असते. हा एकच शब्द आहे. त्यात जागा सोडायची नाही आणि आडवी रेघही घालायची नाही.

‘बॅलन्स’चे मूळ अधिक रंजक आहे. लॅटिनमध्ये ‘बाय’ म्हणजे दोन आणि ‘लांक्स’ म्हणजे ताटली. त्यांपासून ‘बायलांक्स’, म्हणजे दोन पारड्यांचा, असा शब्द झाला आणि तो फ्रेंचमधून इंग्रजीत उतरला. म्हणजे या शब्दाच्या पोटात मुळात तराजूच आहे. आपल्याकडे ‘बॅलन्स’ हा शब्द प्रामुख्याने ‘शिल्लक’ या अर्थाने रुळला आहे, कारण तो आपल्याला खातेपुस्तकामुळे आणि भ्रमणध्वनीमुळे भेटला. पण तो अर्थही तराजूतूनच निघालेला आहे: खात्याच्या जमा आणि खर्च या दोन बाजू समान करण्यासाठी जी रक्कम कमी पडणाऱ्या बाजूला मांडावी लागते, ती शिल्लक. काउंटरबॅलन्स समजून घेताना मात्र शिल्लक बाजूला ठेवून पारडीच मनात आणावीत.

मराठी वाचकाला या ठिकाणी एक आयता शब्द उपलब्ध आहे, तो म्हणजे ‘पासंग’. तराजूची दोन पारडी रिकामी असतानाच एक हलके निघाले, तर त्या हलक्या पारड्याकडे जे लहानसे वजन बांधतात, तो पासंग. ‘पासंगालाही न पुरणे’ या वाक्प्रचारात तो आजही जिवंत आहे. पासंग लावल्याने जड पारडे हलके होत नाही, त्याचे वजन तेवढेच राहते; फक्त समोरची बाजू त्याच्या बरोबरीला येते. काउंटरबॅलन्सची कल्पना यापेक्षा फारशी वेगळी नाही, फक्त इथे समोरचे वजन लहानसे असेलच असे नाही. टॉवर क्रेनच्या बाबतीत ते कित्येक टनांचे असते.

दुसरी पायरी: उच्चार आणि लेखन

शब्दात चार अवयव आहेत: काउन्, टर्, बॅ, लन्स. नाम म्हणून वापरताना मुख्य आघात पहिल्या अवयवावर, म्हणजे ‘काउन्’वर, पडतो, क्रियापद म्हणून वापरताना तो तिसऱ्या अवयवावर, म्हणजे ‘बॅ’वर, सरकतो. ‘रेकॉर्ड’ या परिचित शब्दातही असाच फरक आहे, त्यामुळे ही गोष्ट अगदीच नवी वाटू नये. ब्रिटिश उच्चारात ‘टर’मधला ‘र’ जवळजवळ ऐकू येत नाही, अमेरिकन उच्चारात येतो. ‘बॅ’ मात्र कोठेही ‘बा’ किंवा ‘बे’ होऊ देऊ नये.

लेखनात अडचण अशी एकच. शब्दाच्या शेवटी ‘सी’ आणि ‘ई’ ही अक्षरे येतात, त्यामुळे ‘काउंटरबॅलन्सिंग’ लिहिताना ‘ई’ गळतो आणि भूतकाळी रूपात केवळ ‘डी’ जोडावा लागतो. ‘बॅलन्स’मध्ये ‘एल’ हे अक्षर एकच आहे. अनेकजण दोन लिहितात.

तिसरी पायरी: आधी खरीखुरी वजने पाहा

लाक्षणिक अर्थाकडे धाव घेण्यापूर्वी हा शब्द लोखंड आणि काँक्रीटमध्ये कसा वागतो ते पाहणे फार उपयोगाचे ठरते. माझ्या मते हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नवशिके हीच गाळतात.

सी-सॉची फळी घ्या. टेकूपासून 2 मीटरवर 30 किलोचे मूल बसले आहे. दुसऱ्या बाजूला 20 किलोचे मूल बसवायचे असेल, तर त्याला 3 मीटरवर बसवावे लागेल, कारण 30 गुणिले 2 आणि 20 गुणिले 3 या दोहोंचे उत्तर 60 येते. तरफेचा हा नियम आर्किमिडीजच्या काळापासून सिद्ध आहे. यातून शब्दाविषयी एक गोष्ट स्पष्ट होते, ती अशी की, काउंटरबॅलन्स म्हणजे समोर तितकेच वजन ठेवणे नव्हे, तर समोर तितकाच परिणाम उभा करणे होय. टॉवर क्रेनचा पुढचा हात लांब आणि मागचा आखूड असतो, म्हणूनच मागे टांगलेले ठोकळे पुढे उचलल्या जाणाऱ्या मालापेक्षा पुष्कळ जड असू शकतात. केवळ हिशेबापुरते बोलायचे तर 40 मीटरवरच्या 2 टनांना 10 मीटरवरचे 8 टन तोलून धरतात. लाक्षणिक वापरातही हे लक्षात ठेवण्यासारखे आहे: एका मोठ्या दोषाला दहा लहान गुण काउंटरबॅलन्स करू शकतात, आणि एका अनुभवी सदस्याचे मत पाच उतावळ्या मतांना काउंटरबॅलन्स करू शकते.

दुसरे उदाहरण लिफ्टचे घेऊ. लिफ्टचा पिंजरा ज्या दोरांना टांगलेला असतो, त्यांच्याच दुसऱ्या टोकाला जड वजनांची एक चौकट असते. पिंजरा वर गेला की ती खाली येते. या चौकटीचे, म्हणजे प्रतिभाराचे, वजन साधारणपणे रिकामा पिंजरा अधिक कमाल भाराच्या 40 ते 50 टक्के इतके ठेवतात. पिंजरा 1200 किलोचा आणि कमाल भार 800 किलोचा असेल, तर निम्म्या भाराच्या हिशेबाने प्रतिभार 1600 किलोचा होईल. पिंजरा रिकामा असताना प्रतिभाराची बाजू 400 किलोंनी जड, पूर्ण भरला असताना पिंजऱ्याची बाजू 400 किलोंनी जड, आणि निम्मा भरला असताना दोन्ही बाजू समान. मोटरीला 2000 किलो उचलण्याऐवजी फार तर 400 किलोंचा फरक सांभाळावा लागतो. इथे पिंजऱ्याचे वजन एका ग्रॅमनेही कमी झालेले नाही. ते केवळ जाणवेनासे झाले आहे. लंडनच्या 1894 मध्ये खुल्या झालेल्या टॉवर ब्रिजचेही तसेच आहे. त्याच्या उचलल्या जाणाऱ्या प्रत्येक पाखीचे वजन 1000 टनांहून अधिक आहे, पण पाखीच्या मागच्या टोकाशी जड वजने बसवलेली असल्यामुळे ती उचलण्यासाठी लागणारे बल पुष्कळच कमी होते. अशा पुलाला ‘बॅस्क्यूल’ म्हणतात आणि या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळी सी-सॉ असा आहे.

काउंटरबॅलन्स करणारी वस्तू वजनच असली पाहिजे असे मात्र नाही. वर सरकणाऱ्या गॅरेजच्या दाराचे वजन पीळ दिलेली स्प्रिंग तोलून धरते. टेबलावरचा जो दिवा हवा तसा वाकवून सोडला तरी तिथेच थांबतो, त्यातही स्प्रिंगाच हे काम करतात. इंग्लंडमधल्या जॉर्ज कार्वर्डाइन या अभियंत्याने 1930च्या दशकाच्या आरंभी तो घडवला आणि ‘अँगलपॉइज’ या त्याच्या नावातला ‘पॉइज’ म्हणजे तोलच. यावरून ‘काउंटरवेट’ आणि ‘काउंटरबॅलन्स’ यांतला फरक आपोआप कळतो. काउंटरवेट हे वजनच असते. काउंटरबॅलन्स म्हणजे तोलून धरण्याचे काम आणि ते काम करणारे काहीही. म्हणून स्प्रिंगेला काउंटरबॅलन्स म्हणता येते, काउंटरवेट म्हणता येत नाही.

चौथी पायरी: कोठे हा शब्द बसत नाही ते ओळखा

विज्ञान शिकलेल्या वाचकांची एक हमखास चूक होते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमातले क्रिया आणि प्रतिक्रिया बल समान आणि विरुद्ध असतात, म्हणून ती एकमेकांना काउंटरबॅलन्स करतात, असे ते लिहितात. ते चूक आहे, कारण ती दोन बले दोन वेगवेगळ्या वस्तूंवर कार्य करतात. तुम्ही भिंतीला ढकलता तेव्हा तुमचे बल भिंतीवर असते आणि भिंतीचे बल तुमच्यावर. एकाच तराजूत बसणारी ही जोडी नव्हे. याउलट टेबलावर ठेवलेल्या पुस्तकावर खाली ओढणारे गुरुत्वाकर्षण आणि वर ढकलणारा टेबलाचा आधार ही दोन्ही बले त्या एकाच पुस्तकावर कार्य करतात, म्हणून ती एकमेकांना तोलतात. तोल एकाच वस्तूचा असावा लागतो, ही अट लाक्षणिक वापरातही पाळावी लागते.

दुसरी गफलत डोलणे थांबवणाऱ्या यंत्रणांबाबत होते. तैपेई 101 या मनोऱ्यात 660 टनांचा एक प्रचंड गोळा टांगलेला आहे आणि त्याला अनेकजण सहज काउंटरबॅलन्स म्हणून मोकळे होतात. पण त्या गोळ्याचे काम मनोऱ्याच्या हेलकाव्यातली ऊर्जा शोषून तो शमवण्याचे आहे. कोणत्याही स्थिर ओझ्याला तो तोलून धरत नाही. त्यासाठी इंग्रजीत ‘डँपर’ हा शब्द आहे.

एखाद्या ठिकाणी शंका आलीच तर स्वतःला विचारावे: आधीपासून एका बाजूला ओढणारे काही आहे का, त्याच्या विरुद्ध ओढणारे दुसरे काही आले आहे का, आणि दोन्ही अजून टिकून आहेत का. तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर शब्द निर्धास्तपणे वापरावा.

पाचवी पायरी: वाक्यात बसवा

क्रियापद म्हणून हा शब्द सकर्मक आहे आणि कर्म त्याला थेट लागते. ‘हर पेशन्स काउंटरबॅलन्सेस हिज हेस्ट’, म्हणजे तिचा सोशिकपणा त्याच्या उतावळेपणाला तोलून धरतो. मराठीत आपण ‘उतावळेपणाला’ किंवा ‘उतावळेपणाशी’ असा प्रत्यय लावतो, म्हणून इंग्रजीतही मध्ये ‘टू’, ‘विथ’ किंवा ‘अगेन्स्ट’ घालण्याचा मोह होतो. तो आवरावा, क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये काहीही येत नाही. ‘विथ’ येतो तो कर्मानंतर, आणि तोसुद्धा साधन सांगण्यासाठी: ‘दे काउंटरबॅलन्स्ड द डोअर विथ अ स्प्रिंग’. इथे माणसे कर्ता आहेत, दार कर्म आहे आणि स्प्रिंग साधन आहे.

कर्मणी प्रयोग या शब्दाला विशेष मानवतो, कारण बरेचदा लेखकाला आधी ओझ्याविषयी बोलायचे असते आणि त्याला तोलणाऱ्या गोष्टीविषयी नंतर. ‘द रिस्क इज काउंटरबॅलन्स्ड बाय द रिवॉर्ड’, म्हणजे जोखीम आहे, पण तिच्या समोर मोबदलाही आहे. वाक्याचा क्रम आणि विचाराचा क्रम इथे एकच आहे: आधी जे होते ते आधी, आणि जे समोर येऊन बसले ते नंतर. उलट मांडणी व्याकरणाने चुकत नाही, पण वाचकाचा भर बदलतो. बातमी वाईट असेल आणि तिची धार कमी करायची असेल तर चतुर लेखक हा कर्मणी प्रयोग मुद्दाम योजतात, कारण वाक्याचा शेवट चांगल्या गोष्टीवर होतो. वाचताना एवढे सावध असावे.

नाम म्हणून वापरताना मात्र ‘टू’ हवाच. ‘अ काउंटरबॅलन्स टू पॉवर’ बरोबर. ‘अ काउंटरबॅलन्स ऑफ पॉवर’ लिहिले की वाचणाऱ्याला वाटते, सत्ता हीच तोलणारी गोष्ट आहे, आणि अर्थ उलटा होतो. नाम गणनीय असल्यामुळे एकवचनात आधी ‘अ’ किंवा ‘द’ लागतो. त्याच्या सोबतीला येणारी क्रियापदे ठरलेली आहेत: ‘अ‍ॅक्ट अ‍ॅज’, ‘सर्व्ह अ‍ॅज’ आणि ‘प्रोव्हाइड’. ‘मेक अ काउंटरबॅलन्स’ किंवा ‘डू अ काउंटरबॅलन्स’ अशी रचना कोणी करत नाही.

काळाविषयी वेगळे सांगण्यासारखे काही नाही; क्रियापद नियमित आहे.

सहावी पायरी: लाक्षणिक अर्थाकडे जा

आता हाच शब्द माणसे, संस्था आणि विचार यांना लावता येईल. राज्यशास्त्रात न्यायसंस्था कार्यकारी सत्तेचा काउंटरबॅलन्स आहे असे म्हणतात, तेव्हा न्यायसंस्थेने सरकारला हटवावे असा त्याचा अर्थ होत नाही. सरकारने आपल्या जागी पूर्ण जोराने राहावे आणि समोर दुसरे बलही तितक्याच ठामपणे असावे, असा होतो. आंतरराष्ट्रीय राजकारणात एक राष्ट्र दुसऱ्याच्या वाढत्या प्रभावाचा काउंटरबॅलन्स म्हणून तिसऱ्याशी जवळीक करते, तेव्हाही पहिल्याचा प्रभाव संपल्याचे कोणी सुचवत नसते. आपल्याकडे अशा प्रसंगी ‘शह’ हा शब्द सर्रास वापरला जातो. पण शह हा बुद्धिबळातला हल्ला आहे. त्यात काहीतरी चाल करून राजाला वाचवावेच लागते. काउंटरबॅलन्समध्ये कोणालाच हलावे लागत नाही, उलट कोणी हलू नये हाच त्याचा हेतू असतो. म्हणून भाषांतर करताना ‘शह’ लिहिण्याआधी दोनदा विचार करावा.

माणसांच्या बाबतीत हा शब्द स्वभावांच्या जोडीला शोभतो. एकजण धडाडीचा आणि दुसरा हिशेबी, अशी जोडी असली तर दोघे एकमेकांना काउंटरबॅलन्स करतात. दोघांचे स्वभाव सारखेच असतील, तर ते कितीही समजूतदार असोत, हा शब्द लागू पडत नाही, कारण विरुद्ध दिशाच नाही. एखाद्याच्या अंगच्या दोन गुणांबाबतही असे लिहिता येते, पण ते गुण खरोखरच विरुद्ध दिशांना ओढणारे असावेत: कठोरपणा आणि कणव चालतील, कठोरपणा आणि संगीताची आवड चालणार नाही. नवशिक्यांच्या लेखनात ही दुसऱ्या प्रकारची जोडी पुष्कळदा दिसते. चांगले आणि वाईट शेजारी ठेवले एवढ्याने तराजू होत नाही.

सातवी पायरी: शेजारचे शब्द वेगळे करा

सर्वांत जवळचा शेजारी ‘बॅलन्स’. तो अवस्थेविषयीही बोलतो आणि क्रियेविषयीही, आणि त्यात कोणती बाजू आधी आली याचे सूचन नसते. काम आणि विश्रांती यांचा तोल राखायचा असेल तर ‘बॅलन्स’ पुरे. एका बाजूचे ओझे अंगावर आलेले आहे आणि त्याच्यासमोर मुद्दाम काही ठेवायचे आहे, असा भाव असेल तरच ‘काउंटर’ जोडावा. ‘इक्विलिब्रियम’ ही केवळ अवस्था आहे, क्रिया नव्हे. स्कॉटलंडमधल्या 2002 साली सुरू झालेल्या फॉल्कर्क व्हीलची दोन पाण्याने भरलेली पात्रे सदैव समान वजनाची राहतात, कारण आत शिरणारी नाव स्वतःच्या वजनाइतकेच पाणी बाहेर सारते, आणि त्या स्थितीला ‘इक्विलिब्रियम’ म्हणणे योग्य ठरते. ती दोन पात्रे एकमेकांना काउंटरबॅलन्स करतात असेही म्हणता येते, कारण तिथे काम करणाऱ्या दोन बाजू डोळ्यांना दिसतात.

‘काउंटरॅक्ट’ हा शब्द मराठीतल्या ‘उतारा’ या कल्पनेच्या जवळ जातो. विषावर उतारा दिला की विषाचा परिणाम मोडतो. विष आणि उतारा समोरासमोर सुखाने बसून राहत नाहीत. औषध, आम्ल, अफवा यांच्या संदर्भात ‘काउंटरॅक्ट’ घ्यावा. ‘न्यूट्रलाइज’ त्याहून एक पाऊल पुढे जातो आणि पहिल्या गोष्टीला निष्प्रभ करून सोडतो.

‘ऑफसेट’ पैशांचा आणि प्रमाणांचा शब्द आहे. वाढलेला खर्च वाढलेल्या विक्रीने भरून निघाला, एका ठिकाणच्या कार्बन उत्सर्जनाची वजावट दुसऱ्या ठिकाणी केली, असे मोजता येणारे आकडे समोर असले की तो शोभतो. ‘कॉम्पेन्सेट’मध्ये नुकसानभरपाईचा भाव आहे, त्यामागे कोणीतरी काहीतरी गमावलेले असते. त्याच्यानंतर ‘फॉर’ येतो, आणि ही सवय काउंटरबॅलन्सला लागली की ‘काउंटरबॅलन्स फॉर’ अशी चूक होते. ‘आउटवे’ म्हणजे एक पारडे दुसऱ्यावर वरचढ ठरणे. तिथे तोल संपला आणि निकाल लागला. गुण दोषांना काउंटरबॅलन्स करतात असे लिहिले तर निर्णय अजून अधांतरी आहे, गुण दोषांना आउटवे करतात असे लिहिले तर निर्णय झाला. अहवाल लिहिणाऱ्यांनी हा फरक फार जपावा.

‘काउंटरपॉइज’ हा काउंटरबॅलन्सचाच थोडा जुना आणि अधिक ग्रांथिक भाऊ आहे. वाचताना ओळखता आला तरी पुरे, स्वतः लिहिताना त्याची गरज पडत नाही.

आठवी पायरी: दोन पारिभाषिक वापर

गोदामातल्या सर्वसाधारण फोर्कलिफ्टला ‘काउंटरबॅलन्स ट्रक’ म्हणतात. तिचे दाते पुढच्या चाकांच्याही पुढे असल्यामुळे माल उचलताच गाडी पुढे कलंडू पाहते. म्हणून मागे ओतीव लोखंडाचे जड वजन बसवलेले असते, आणि विजेवर चालणाऱ्या गाडीत बॅटरीचे वजनही त्याला हातभार लावते. अशा गाडीची उचलण्याची क्षमता केवळ किलोंमध्ये सांगून भागत नाही. मालाचा मध्य दात्यांच्या उभ्या भागापासून किती दूर आहे, बहुधा 500 मिलिमीटर, हेही सोबत द्यावे लागते. सी-सॉचा हिशेब इथेही चालू आहेच.

दुसरा वापर प्रयोगशास्त्रातला आहे, आणि त्यात वजनाचा मागमूस नाही. एकाच व्यक्तीला दोन चाचण्या द्यायच्या असतील, तर दुसऱ्या चाचणीच्या वेळी ती सरावलेली किंवा थकलेली असते आणि निकाल क्रमामुळे बिघडतो. यावर उपाय म्हणून निम्म्या व्यक्तींना आधी पहिली चाचणी देतात आणि निम्म्यांना आधी दुसरी. याला ‘काउंटरबॅलन्सिंग’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘प्रतिसंतुलन’ असा शब्द योजता येतो. चाचण्या चार झाल्या की संभाव्य क्रम 24 होतात, त्यामुळे सगळे क्रम वापरण्याऐवजी ‘लॅटिन स्क्वेअर’ नावाची मांडणी करून चारच क्रमांत काम भागवतात. तिच्यात प्रत्येक चाचणी प्रत्येक स्थानी एकदाच येते. थकव्याचा परिणाम इथेही नाहीसा झालेला नसतो, तो दोन्ही बाजूंना सारखा वाटला गेलेला असतो. शब्द यंत्रशाळेतून प्रयोगशाळेत आला, तरी आपला मूळ स्वभाव घेऊनच आला.

नववी पायरी: मराठीत आणताना

एकच मराठी प्रतिशब्द सगळीकडे ठोकून बसवण्याचा हट्ट धरू नये. यंत्राच्या संदर्भात वस्तूसाठी ‘प्रतिभार’ आणि क्रियेसाठी ‘तोलून धरणे’ हे शब्द सरळ व स्वच्छ आहेत. ‘प्रतितोल’ हा शब्द बनवता येतो आणि तो अर्थवाहीही आहे, परंतु सामान्य वाचकासाठीच्या मजकुरात तो परका वाटतो. परिभाषेची सवय असलेल्या वाचकांसाठी ठेवावा. राजकीय मजकुरात ‘सत्तेला तोलणारी शक्ती’ किंवा ‘समोरचे पारडे’ अशी रचना अधिक मराठी वाटते. ‘समतोल साधणे’ हे शब्दकोशातले भाषांतर तिथेच वापरावे, जिथे दोन्ही बाजूंचा उल्लेख वाक्यात स्पष्टपणे झालेला आहे. एरवी ते इतके गुळगुळीत होते की कोण कोणाला तोलत आहे हेच वाचकाला कळत नाही. आणि ‘भरपाई’ हा शब्द ‘कॉम्पेन्सेट’साठी राखून ठेवलेला बरा.

सरावासाठी एक वाक्य घ्या: ‘या पुलाच्या पाखीचे वजन मागच्या वजनांनी रद्द केले आहे.’ विद्यार्थी याचे इंग्रजी करताना बहुधा ‘कॅन्सल्ड’ लिहितो, कारण मराठी वाक्यात ‘रद्द’ आहे. पण चूक मराठी वाक्यातच आहे. पाखीचे वजन रद्द झालेले नाही, ते जेवढ्यास तेवढेच आहे. आधी मराठी दुरुस्त करावी, ‘पाखीचे वजन मागच्या वजनांनी तोलून धरले आहे’ असे लिहावे, आणि मग ‘द वेट ऑफ द बॅस्क्यूल इज काउंटरबॅलन्स्ड’ हे इंग्रजी वाक्य फारसा विचार न करताही सुचते.